पडणारो बघ

१४ डिसेंबर २०२५, रविवार

काल रात्रभर देवळात दहीकाला, म्हणजे जत्रेतलं दशावतारी नाटक होतं. काका आणि मी पहाटे साडेपाचला घरी पोचलो. झोपायचं नाही हे आधीच ठरलं होतं, कारण साडेसहाला वॉशिंग्टनहून डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती कंपनीच्या जॉन सीना या पैलवानाच्या शेवटच्या कुस्तीचा कार्यक्रम सुरू होणार होता. मी चहा ठेवला, काकांनी गुडघ्याला तेल लावलं आणि आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो. आता संध्याकाळ झालीय, डोळे मिटतायत, पण आजचं आजच लिहून ठेवते.

गोव्यात पेडण्याच्या आमच्या वाड्यावर केबल आली तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. मुलगे क्रिकेट लावायचे आणि ते संपलं की कुस्ती. मला क्रिकेटपेक्षा कुस्ती आवडायची, आणि कुस्तीत अंडरटेकर. आधी घंटेचा टोल, मग अंधार, आणि त्या अंधारातून अगदी सावकाश चालत येणारा तो काळ्या कोटातला माणूस. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आईच्या मागे लागून मी पत्त्यांचा कॅट घेतला होता. प्रत्येक पत्त्यावर एक पैलवान आणि त्याची उंची, वजन, छाती, दंड. ते आकडे मला पाढ्यांपेक्षा जास्त पाठ होते. जायंट गोन्झालेसची उंची आठ फूट सांगत आणि ती मी वेदवाक्य मानली होती. तो खरा साडेसात फुटांच्या थोडा वर होता, हे फार नंतर कळलं.

सातवीत असताना शेजारच्या दादाने सांगितलं, “अगं, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. नाटक असतं ते.” मी त्याच्याशी भांडले, घरी येऊन रडले. कंपनीच्या मालकाने, विन्स मॅकमॅहनने, १९८९ मध्येच न्यू जर्सीच्या सरकारदरबारी ही करमणूक आहे असं कबूल केलं होतं, म्हणजे मी रडले त्याच्या कितीतरी आधी. खेळावर लागणारे कर आणि नियम टाळायचे होते, म्हणून. पण ती बातमी आमच्या वाड्यावर कोण आणणार?

त्या रात्री काका आले होते. काका दशावतारात राक्षस करायचे. दिवसा काजूच्या बागेत काम आणि जत्रांच्या दिवसांत रात्री काळी दाढी, लाल डोळे, लाकडी तलवार. पंचवीस-तीस वर्षं दर रात्री देवाच्या हातून मरायचे. माझं रडणं ऐकून ते टीव्हीसमोर बसले. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं. थोडा वेळ बघून म्हणाले, “बाय, मारणारो बघू नको. पडणारो बघ.”

मला वाटलं, समजूत घालतायत.

हे वाक्य मला पुरतं समजायला वीस वर्षं गेली. रिंग म्हणजे गादी नव्हे. खाली लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर पातळ फोम आणि वर ताणलेलं कॅनव्हास. कोण जिंकणार ते ठरलेलं असतं, पण मधलं बरंचसं तिथल्या तिथे, एकमेकांच्या कानात कुजबुजत ठरतं. दशावतारात तरी दुसरं काय असतं? आख्यान ठरलेलं, राक्षस मरणार हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक, पण संवादांची संहिता नाही. समोरचा जे बोलेल त्यावर उभ्या उभ्या उत्तर द्यायचं, मृदंग चढला की तलवार उचलायची. आणि त्या वेळी समोरच्याचं डोकं, मान, डोळे तुमच्या हातात असतात.

ते हात चुकले तर काय होतं, हेही मी बघितलं. ऑगस्ट १९९७ मध्ये समरस्लॅम या मोठ्या कार्यक्रमात पैलवान ओवेन हार्टने स्टीव्ह ऑस्टिनला उलटा धरून खाली बसताना डोक्याचं अंतर चुकवलं. ऑस्टिनच्या मानेला जबर मार बसला, काही क्षण त्याचं अंग हलेना. तरी ठरल्याप्रमाणे तो सरपटत आला आणि त्याने ओवेनला कसंबसं गुंडाळून पिन केलं, म्हणजे खांदे खाली टेकवून हरवलं. २००३ मध्ये त्याला खेळ थांबवावा लागला त्यात त्या मानेचा मोठा वाटा होता. आणि ओवेन? २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीत, छतावरून दोरीने खाली उतरण्याच्या दृश्यात तो रिंगमध्ये कोसळला आणि गेला. त्याला बाहेर नेलं आणि कार्यक्रम पुढे चालू ठेवला. मी तेव्हा चौदा वर्षांची. ‘कार्यक्रम पुढे चालू’ हे मला आजही गिळता येत नाही.

तरी बघत राहिले. २००५ च्या नोव्हेंबरात एडी गरेरो हा पैलवान गेला, तेव्हाही. मग जून २००७ आला. क्रिस बेन्वा या पैलवानाने बायकोला आणि ७ वर्षांच्या मुलाला मारलं आणि स्वतःला संपवलं. नंतर त्याचा मेंदू तपासला तेव्हा त्यात वर्षानुवर्षांच्या मारांनी झालेली भयंकर हानी दिसली. ते कारण म्हणून मी कधीच पुढे करणार नाही. ते मूल आणि ती बाई कोणत्याही कारणापेक्षा मोठी आहेत. पण मला एवढं कळलं की, ज्या खुर्च्या डोक्यात बसताना मी टाळ्या पिटल्या होत्या, त्या खऱ्याच डोक्यात बसत होत्या. पत्ते मी माळ्यावरच्या ट्रंकेत टाकले आणि टीव्ही बंद केला. डोक्यात खुर्ची मारायला कंपनीने २०१० मध्ये बंदी घातली तेव्हा मी बघत नव्हते.

परत आणलं ते बायकांनी. माझ्या शाळेच्या दिवसांत तिथे बायकांच्या वाट्याला दोन-चार मिनिटं आणि अपुरे कपडे, एवढंच असायचं. ते बघताना मी खोलीत कुणी आलं की चॅनल बदलायची. २०१७ मध्ये भाचीने मोबाइलवर एक तुकडा दाखवला: हरियाणाची कविता देवी, सलवार-कमीज घालून रिंगमध्ये उतरलेली, समोरच्या मुलीला डोक्यावर उचलून फेकणारी. मी तो दहा वेळा पाहिला. मग २०१९ च्या एप्रिलमध्ये रेसलमेनिया या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाची शेवटची, म्हणजे मानाची कुस्ती पहिल्यांदाच बायकांची झाली. बेकी लिंच, शार्लट फ्लेअर, रोंडा राऊझी. आपल्याकडे सोमवारची सकाळ होती. मी अर्धा दिवस रजा टाकली. बेकी जिंकली तेव्हा माझ्या गळ्यात आवंढा होता, आणि मी जिंकणारीकडे बघतच नव्हते. फळीवर पाठ आपटून परत उठणाऱ्या त्या तिघींच्या पाठीकडे बघत होते.

आता कालची रात्र. राक्षस करणारा पोरगा नवा आहे, वीस-बावीसचा. दोन वर्षांपूर्वी काकांनी आपली लाकडी तलवार त्याला दिली. आवाज सुरेख आहे, गिरकीही चांगली घेतो. पण देवाचा घाव बसला तेव्हा तो सरळ मागे कोसळला आणि डोकं फळीवर आपटल्याचा आवाज आम्हाला बाकड्यावर ऐकू आला. काकांनी माझं मनगट इतकं आवळलं की अजून दुखतंय. पोरगा पडून राहिला, सूर बदलेपर्यंत हलला नाही. लोकांना वाटलं, काय मेला छान!

आरती झाल्यावर काका रंगपटात गेले. पोरगा अर्धा रंग पुसून, टॉवेल गुंडाळून बसला होता. डोक्याला मागे टेंगूळ. काका काही ओरडले नाहीत. बहात्तराव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्याने खाली बसले आणि त्याला दाखवलं: “हनुवटी छातीक लाव. आधी पाठ. डोकां कधीच नाय.” त्याची हनुवटी दोन बोटांनी धरून खाली दाबली, मानेमागे तळवा ठेवला आणि त्याला हळूहळू मागे झोपवलं. तीन वेळा. मी दारात उभी होते. परदेशातल्या शाळांत पैलवानांना पहिल्या आठवड्यात शिकवतात ते नेमकं हेच.

सकाळी सीनाची कुस्ती लागली ती गुंथरशी. ‘कधी हार मानू नका’ हे ज्याने वर्षानुवर्षं छातीवर मिरवलं, त्याच्या गळ्याभोवती गुंथरचा हात आवळला गेला. सीना धडपडला, सुटला, परत सापडला. मग तो हसला. आणि त्याने हाताने टॅप केलं, म्हणजे थोपटून हार मानली. सभागृहात लोक संतापून ओरडायला लागले. या धंद्यात जाणारा माणूस शेवटच्या रात्री हरून जातो, राहणाऱ्याला मोठं करून जातो, हा जुना रिवाज. २०१७ मध्ये अंडरटेकरही रोमन रेन्सकडून हरल्यावर हातमोजे, कोट आणि टोपी रिंगमध्येच ठेवून गेला होता. दहा वर्षांची असते तर मीही संतापले असते. आज मी नुसती रडले, खूप वेळ, आणि त्यात राग नव्हता.

काकांनी सीनाचं नाव आज पहिल्यांदा ऐकलं. ते मधूनमधून ‘परत दाखव’ म्हणत होते. मला वाटलं, टॅप बघायचंय. पण त्यांना हवं होतं ते आधीचं, सीना पाठीवर पडतो ते. मी मागे नेलं, थांबवलं, परत लावलं.

“हात बघ,” ते म्हणाले. “दोनय हात उघडे टाकून जमिनीर आपटता. भार पाठीर एकटो येणा नाय. ह्यां त्या झिलाक सांगूचा रवला. फोन लाव.”

म्हटलं, काका, तो आत्ता कुठे झोपला असेल.

“लाव तरी.”