मावशीची कॅसेट आणि अकरा आठवडे

मावशी गेली त्याला दीड वर्ष होईल. फोटो ढीगभर आहेत, पत्रं आहेत, तिने विणलेला स्वेटर आहे. तिचा आवाज मात्र फक्त दोन कॅसेटवर आहे. आमचं फोनवर रोज बोलणं व्हायचं, पण ते टेप करून ठेवावं असं कधी मनातच आलं नाही. माणूस रोज बोलत असतं तेव्हा ते सुचत नाही.

मी आठ वर्षांची असताना काही महिने अंथरुणावर होते. मावशी नोकरीमुळे लांब राहायची. तिला येता येईना, म्हणून तिने गोष्टी वाचून टेप केल्या आणि पाठवल्या. एक कॅसेट ९० मिनिटांची, एक ६० ची. त्या मी जिवापाड जपल्या होत्या. गेल्या वर्षी ९० ची टेपरेकॉर्डरमध्ये घालून बघितली, तर आवाज कांबळ्याखालून आल्यासारखा. भीती वाटली की टेप गेलीच. ती गेली नव्हती. ते पुढे सांगते.

कॅसेटचं डिजिटल करून देणाऱ्या एका ठिकाणी ती दिली. सोबत एक फॉर्म भरायचा होता. त्यात एक ओळ होती: ‘आवाज स्वच्छ करून हवा? हो / नाही’. नको कोण म्हणेल? मी ‘हो’वर खूण केली. त्या एका खुणेचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

दोन आठवड्यांत देतो म्हणाले होते, लागले अकरा. दर सोमवारी मी फोन करायचे आणि दर सोमवारी ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ हे ऐकायचे. ९० मिनिटांची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला ९० मिनिटंच लागतात, कारण ती वाजवूनच घ्यावी लागते. म्हणजे काम दीड तासाचं. उरलेले दिवस ती कॅसेट कुठल्या कपाटात, कुणाच्या हाताखाली, कशाच्या शेजारी पडून होती कोण जाणे. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं आणि टेपवरचा आवाज चुंबकाने पुसला जातो, हे मी तेव्हाच कुठेतरी वाचलं आणि रात्री झोप लागेना. जगात त्या आवाजाची दुसरी प्रत नव्हती. हे मी त्यांना प्रत्येक फोनवर सांगितलं, आणि प्रत्येक वेळी फोनवर वेगळंच कुणीतरी असायचं.

शेवटी फाइल आली. पहिली बाजू ४५ मिनिटांची असायला हवी होती, फाइल ३१ मिनिटांची. ऐकायला लागले. मावशी वाचत होती, पण श्वास न घेता. वाक्याला वाक्य चिकटलेलं. आवाज पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखा, शब्दांच्या कडा पाण्यात विरघळल्यासारख्या. ती मावशी वाटतच नव्हती. मी पाच मिनिटांत बंद केलं आणि फोन लावला.

‘मॅडम, गाळलेलं काहीच नाही,’ पलीकडचा माणूस म्हणाला, ‘फक्त शांतता काढलीय.’

मावशी वाचताना थांबायची. पान उलटायची, चष्मा सारखा करायची, पुढचं वाक्य आधी स्वतःशी वाचायची आणि मग मला सांगायची. आजारपणात मी त्या थांबण्यातच असायचे, आता काय होणार म्हणून. त्यांनी १४ मिनिटांची माझी मावशी कापून टाकली होती. मी म्हटलं, न कापलेली मूळ फाइल द्या. ‘ती आम्ही ठेवत नाही.’ तुम्हीच ‘हो’वर खूण केलीत, हेही ऐकवलं.

म्हणून कॅसेट बाहेर देणार असाल तर फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहा: रॉ फाइल हवी, काहीही कापायचं नाही, काहीही स्वच्छ करायचं नाही, फाइल वेव्ह फॉरमॅटमध्ये, म्हणजे आवाज न आवळता द्या. खरखर नंतर कधीही कमी करता येते. एकदा काढलेलं परत घालता येत नाही. आणि खरखर काढणारं सॉफ्टवेअर जास्त ताणलं की आवाजाचाही एक थर त्याबरोबर निघून जातो. ‘स’, ‘श’ आणि श्वास ही त्याला खरखरच वाटते.

कॅसेट परत आणली आणि ठरवलं, आपणच करायचं. एका मैत्रिणीच्या वडिलांकडे चांगला डेक, म्हणजे कॅसेट वाजवायचं मोठं यंत्र होतं, ते मिळालं.

कांबळ्याखालच्या आवाजाचं कारण तासाभरात सापडलं. कॅसेटच्या उघड्या कडेला मधोमध, टेपच्या मागे, नमद्याचा नखाएवढा तुकडा असतो. तो टेपला हेडवर, म्हणजे यंत्राच्या टेप वाचणाऱ्या भागावर दाबून धरतो. वर्षानुवर्षांनी त्याचा गोंद सुकतो आणि तुकडा गळून पडतो. आमचा आतच सुटा पडला होता. हे त्या लोकांनी अकरा आठवड्यांत बघितलंसुद्धा नव्हतं, तशीच वाजवली आणि वरून ‘स्वच्छ’ केली. तुकडा चिकटवत बसण्यापेक्षा टेपची दोन्ही चाकं दुसऱ्या धडधाकट कॅसेटच्या खोक्यात हलवणं सोपं. स्क्रूचं खोकं असेल तर छोटे पाच स्क्रू निघतात. उघडल्यावर आधी फोटो काढा, टेप कुठल्या खुंटीवरून जाते ते नंतर आठवत नाही. आणि आधी एखाद्या बिनकामाच्या कॅसेटवर हात बसवा. मी तीनदा केलं, मग मावशीच्या कॅसेटला हात लावला. तरी बोटं थरथरत होती. टेपची रुंदी चार मिलिमीटरही नसते.

हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोटे प्लास्टिकचे कान असतात, ते पहिल्यांदा मोडून टाका. मग चुकून लाल बटण दाबलं तरी त्यावर दुसरं काही टेप होत नाही. टेप तुटली तर साधी चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद पाझरतो आणि शेजारचे वेढे चिकटतात. जोडायची वेगळी टेप मिळते.

डेकच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलतो. मावशीच्या टेपरेकॉर्डरचा कोन एक, या डेकचा दुसरा. कानाला हेडफोन लावून मी तो केसाकेसाने फिरवत होते आणि फक्त तिच्या ‘श’कडे लक्ष ठेवून होते. मावशीचा ‘श’ किंचित शीळ घातल्यासारखा असायचा, आम्ही सगळी भाचरं त्याची नक्कल करायचो. आधी नुसता धूसर. थोडं फिरवलं. आणखी थोडं. आणि एकदम तो ‘श’ आला. तोच, शीळेसकट. मी स्क्रूवरून हात काढला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

बाकीचं पटापट झालं. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, त्यात रेकॉर्डिंगची बारकाई ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवली. दोन्ही बाजू मिळून दीड जीबीच्या जरा वर. रेकॉर्डिंगची पातळी कमीच ठेवा, ती लाल रेषेला लागली तर आवाज फाटतो. लगेच तीन प्रती केल्या, त्यातली एक भावाच्या घरी.

पूर्ण ४५ मिनिटं ऐकली. सुरुवातीलाच, त्यांनी कापलेल्या भागात, ती कुणाला तरी हळूच विचारते, ‘लाल दिवा लागलाय का? मग बोलू?’ मध्येच, ‘थांब हं, पाणी पिते.’ आणि ग्लास टेकवल्याचा आवाज. पहिली बाजू संपताना मुलगी विहिरीपाशी पोचते आणि वाक्याच्या मध्येच टेप संपते. दुसरी बाजू सुरू होते ती ‘अगं बाई, संपलीच की ती. कुठे होते मी?’ अशी.

आई आली तेव्हा तिला ऐकवलं. ती बहिणीच्या आवाजाकडे तोंड करून, स्पीकरच्या अगदी जवळ बसली होती. ‘कुठे होते मी?’ आलं तसं आई पटकन म्हणाली, ‘विहिरीपाशी, ताई.’ स्पीकरमधून पान उलटल्याचा आवाज आला, आणि मग मावशीने पुढे वाचायला घेतलं.

६० ची कॅसेट अजून बाकी आहे. तिच्या खोक्याला स्क्रू नाहीत, ते चिकटवलेलं आहे, कडेने उचकटावं लागेल. घाई करणार नाही.