पंचवीस टक्क्यांवर थांबलेलं मशीन

नाशिकमधल्या अंबडच्या दोन प्रेस शॉपसाठी मी शीट मेटलचे डाय, म्हणजे पत्रा कापायचे-वाकवायचे साचे, डिझाइन करतो. आधी तिथेच नोकरीला होतो, २०१९ पासून घरून, इंदिरानगरच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत. दिवसभर थ्रीडी मॉडेल, ड्रॉइंग, मध्येच जीएसटीची बिलं. रात्री मुलगी झोपली की चाकणला असलेल्या धाकट्या भावाबरोबर तासभर काउंटर-स्ट्राइक हा गोळीबाराचा ऑनलाइन गेम. या तासाचं मोल माझ्या लेखी कामाइतकंच आहे, कारण आम्हा दोघांचं बोलणं त्यातच होतं. आईची बीपीची गोळी, गावच्या विहिरीवरची मोटर, त्याच्या शिफ्टा, सगळं दोन राउंडच्या मधल्या वेळात.

जुनं मशीन २०१५ सालचं. प्रोसेसर आय-फाइव्ह ४४६०, चार कोअर (हिशोब करणारे चार हात), चार थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं), फार तर ३.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३.४ अब्ज ठोके. दहा वर्षांत त्याने मला कधी अडचणीत आणलं नाही. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली आणि विंडोज ११ या प्रोसेसरला घेत नाही. वर्षभराची वाढीव मुदत घेतली, पण ज्या मशीनवर गिऱ्हाइकांची ड्रॉइंग आणि बँकेचं काम आहे ते असं किती दिवस रेटायचं? डिसेंबरात ठरवलं, आता बदलायचं.

बजेट बघता नावं दोनच उरली. एएमडीचा रायझन ५ ७६०० आणि इंटेलचा आय-फाइव्ह १३४००एफ. दोन्ही जानेवारी २०२३ मध्ये आलेले, म्हणजे आता काही नवे नाहीत. त्यांच्यानंतरचे प्रोसेसरही दुकानात होते, पण माझ्या कामाला त्यांचे जास्तीचे पैसे द्यावेसे वाटले नाहीत.

कॅनडा कॉर्नरजवळच्या एका दुकानात गेलो. काउंटरवरचा मुलगा कामाचा होता, उगाच महागातलं गळ्यात मारत नव्हता. तो म्हणाला, "दादा, सरळ हिशोब आहे. यात दहा कोअर, त्यात सहा. आणि दहावाला स्वस्त." खरं होतं ते. १३४००एफ मध्ये सहा मोठे कोअर आणि चार छोटे, मिळून १६ थ्रेड. ७६०० मध्ये सहाच कोअर, १२ थ्रेड. मला मिळालेल्या भावात इंटेलवाला तीनेक हजारांनी खाली होता. मी म्हटलं, विचार करून येतो.

घरी येऊन मी जे केलं ते प्रोसेसर घेणाऱ्या प्रत्येकाने आधी करावं असं मला मनापासून वाटतं. जुन्याच मशीनवर, रोजचंच काम करताना टास्क मॅनेजर, म्हणजे प्रोसेसर किती टक्के कामात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडा ठेवला. एका ब्रॅकेटच्या डायचं मॉडेल होतं, बरंच गुंतागुंतीचं. पत्र्याची जाडी बदलली आणि सगळं मॉडेल पुन्हा बांधायला लावलं. ४७ सेकंद लागले. त्या पूर्ण वेळात टास्क मॅनेजर काय दाखवत होता? २५ ते २८ टक्के. आधी वाटलं, मग हे मशीन मोकळंच बसलंय की! नंतर लक्षात आलं, चारातला एक म्हणजे पंचवीस टक्के. एक कोअर घाम गाळत होता आणि तिघे बाजूला उभे होते.

याचं कारण माझ्याच धंद्यात आहे. प्रोग्रेसिव्ह डायमध्ये पट्टी एकेका स्टेशनवरून पुढे सरकते. आधी पायलटचं भोक, मग बाकीची भोकं, मग बाहेरचा कट, मग बेंड, शेवटी पार्टिंग, म्हणजे भाग पट्टीतून सुटा करणं. बेंड आधी आणि भोक नंतर असं चालत नाही, कारण प्रत्येक स्टेशन आधीच्या स्टेशनच्या मापावर उभं असतं. त्या एका पट्टीसाठी प्रेसच्या भोवती दहा हेल्पर उभे केले तरी ती लवकर बाहेर येणार नाही. प्रेसचे स्ट्रोक वाढवले तरच येईल. मॉडेलचंही तसंच आहे. प्रत्येक फीचर आधीच्या फीचरवर बसलेलं, म्हणून हिशोब एकामागून एकच होतो. रेंडरिंगचं वेगळं. तिथे चित्राचे तुकडे करून सगळ्या कोअरांना वाटता येतात आणि तिथे १३४००एफ चे चार जादा कोअर उपयोगी पडतात, तो थोडा पुढेच राहतो. पण मी रेंडर वर्षातून तीन-चारदा करतो. मॉडेल दिवसातून पन्नासदा पुन्हा बांधतो.

म्हणजे मला बघायचा होता एका कोअरचा वेग. ७६०० चा एक कोअर ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, १३४००एफ चा ४.६ पर्यंत. वेगवेगळ्या कंपन्यांचे गिगाहर्ट्झ सरसकट शेजारी ठेवता येत नाहीत, पण या दोघांच्या मोठ्या कोअरचं एका ठोक्यातलं काम जवळपास सारखं आहे, म्हणून इथे ही तुलना चालते.

गेमची परीक्षाही जुन्याच मशीनवर घेतली. माझ्याकडे जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आहे. गेममध्ये धूर सोडला, चार-पाच जण एका जागी आले की फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, चाळिसावर यायच्या. रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणलं, तरी चाळीसच. कार्डाचं ओझं निम्म्याहून कमी केलं आणि फ्रेम हलली नाही, म्हणजे अडलेलं कार्ड नव्हतं, प्रोसेसर होता. उलट, रिझोल्यूशन उतरवल्यावर फ्रेम भराभर वाढल्या असत्या, तर मी प्रोसेसरऐवजी कार्डासाठी पैसे जमवले असते. दोन मिनिटांची ही तपासणी न करता लोक वीस-पंचवीस हजार चुकीच्या जागी घालतात, याचं मला वाईट वाटतं.

तरीही एक गोष्ट कबूल करायला हवी. १६५० हेच कार्ड ठेवून नवा प्रोसेसर घातला की मग कार्डच अडणार. तिथे ७६०० काय आणि १३४००एफ काय, डोळ्याला एकच. ७६०० ची ३२ एमबी एलथ्री कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) विरुद्ध १३४००एफ ची २० एमबी हा फरक गेममध्ये जाणवतो, पण तो कार्ड दमदार असेल आणि स्क्रीन १४४ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारी, असेल तेव्हा. माझी ७५ हर्ट्झची आहे.

मग निर्णय कशावर झाला? एका अक्षरावर. 'एफ'.

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझं आधीचं ग्राफिक्स कार्ड गेलं. तो काळ आठवा. लॉकडाऊन, चिप्सचा तुटवडा, त्यात क्रिप्टोवाल्यांनी उचललेली कार्डं. बाजारात कार्ड दिसत नव्हतं, दिसलं तर दुप्पट भावाने. आणि मला आठवड्याभरात एका डायची ड्रॉइंग द्यायची होती. कार्ड काढलं, मॉनिटरची वायर थेट बोर्डाला लावली आणि मशीन सुरू झालं, कारण ४४६० च्या पोटात इंटेलचे छोटे ग्राफिक्स होते. आठ महिने मी त्याच्यावर काम केलं. मोठं मॉडेल फिरवताना अडखळायचं, पण एकही जॉब चुकला नाही. त्या आठ महिन्यांत घर त्या छोट्या ग्राफिक्सवर चाललं असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

इंटेलच्या नावात शेवटी एफ असला की आत ग्राफिक्स नसतात. कार्ड गेलं की स्क्रीन काळी, दुसरं कार्ड मिळेपर्यंत धंदा बंद. ७६०० मध्ये ग्राफिक्स आहेत. अगदी लहान, गेमसाठी नव्हेतच, पण ड्रॉइंग दिसतील, बिल निघेल. एएमडीकडेही ७५००एफ आहे, त्यात तेही नाहीत, म्हणजे गोष्ट कंपनीची नाही, त्या अक्षराची आहे. एफ नसलेला साधा १३४०० घ्यायचा, तर ग्राफिक्स मिळतात, पण मग तीन हजारांचा फरक जवळजवळ संपतो. दुकानातल्या मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "दादा, कार्ड तर लावणारच ना तुम्ही?" लावणारच. एप्रिल २०२१ मध्येही लावलेलंच होतं.

उलट बाजूने सगळ्यात जड मुद्दा रॅमचा होता आणि त्यावर मी दोन रात्री झोपलो नाही नीट. १३४००एफ डीडीआर४ या जुन्या पिढीच्या रॅमच्या बोर्डावरही चालतो. ७६०० ला नव्या पिढीची डीडीआर५ च लागते, दुसरा मार्ग नाही. आणि २०२५ च्या शेवटी रॅमच्या किमती अशा चढल्या की महिन्याभरापूर्वीचं कोटेशन दाखवलं तर दुकानदार मान हलवायचे. एआयच्या डेटा सेंटरांकडे चिप्स वळल्यामुळे आपल्यासारख्यांच्या रॅमच्या काड्या महागल्या. त्यात भावाने फोन केला, "दादा, माझ्याकडे डीडीआर४ च्या दोन काड्या पडून आहेत, आठ-आठच्या. घेऊन जा." त्याच्याकडे १३४००एफ च आहे. तो फक्त गेम खेळतो, ऑफिसचं काम ऑफिसच्या लॅपटॉपवर करतो. त्याची निवड त्याच्यासाठी अगदी बरोबर आहे, माझ्याकडे तेवढंच काम असतं तर मीही तीच केली असती.

पण १६ जीबी माझ्या असेंब्लीला, म्हणजे अनेक भाग जोडलेल्या मॉडेलला, आताच पुरत नाही. म्हणजे फुकटच्या काड्यांवर वर्षभर काढून मग डीडीआर४ मध्येच पैसे घालायचे, आणि तेही जिथे रस्ता संपलाय अशा सॉकेटवर (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा). इंटेलचं एलजीए १७०० हे सॉकेट चौदाव्या पिढीबरोबर थांबलं, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या नव्या पिढीला वेगळं सॉकेट लागतं. ७६०० च्या एएम५ सॉकेटवर रायझनची ९००० मालिका आजच बसते आणि २०२७ पर्यंत व पुढेही आधार देऊ असं एएमडीने जाहीर केलंय. खरं तर मी दहा वर्षांत एकदाही प्रोसेसर बदलला नाही, त्यामुळे हा मुद्दा माझ्यासाठी अर्ध्याच वजनाचा. तरी काड्या पुढे उपयोगी पडतील हे महत्त्वाचं वाटलं.

शेवटी ७६०० आणि डीडीआर५ च्या १६-१६ च्या दोन काड्या घेतल्या आणि नवं ग्राफिक्स कार्ड पुढे ढकललं. आठ-आठच्या दोन घेऊन नंतर आणखी दोन लावू, हा विचार डीडीआर५ मध्ये करू नका. चार काड्या भरल्या की एएम५ वर वेग बराच खाली येतो, ७६०० साठी अधिकृत आकडा ३६०० आहे. दोनच लावायच्या आणि लागतील तेवढ्या मोठ्या.

वीज आणि उष्णतेचंही बघितलं, कारण माझी खोली पश्चिमेकडची आहे. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते उकरलेत, वीज कधी जाईल सांगता येत नाही. यूपीएस ६०० व्हीए चा, म्हणजे साधारण ३६० वॅट. ७६०० जास्तीत जास्त ८८ वॅट ओढतो, १३४००एफ ची कमाल मर्यादा १४८. गेममध्ये आणि मॉडेलिंगमध्ये दोघेही तिथवर जात नाहीत, पण यूपीएसचा हिशोब मी वाईटात वाईट वेळेचाच करतो. प्रोसेसर ८८, पुढे घ्यायचं कार्ड ११५ च्या आसपास, बाकी मशीन आणि मॉनिटर मिळून ऐंशी-नव्वद. तीनशेच्या आत बसतं. दुसऱ्याने साडेतीनशे गाठले असते आणि नवा यूपीएस घ्यावा लागला असता.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात सामान आणलं, घरीच जोडलं. पहिल्यांदा बटण दाबल्यावर पंखे फिरले आणि स्क्रीन काळीच. एक मिनिट, दोन मिनिटं. डीडीआर५ ची मशीन पहिल्या वेळी रॅमची जुळवणी करत बसतात, हे वाचलं होतं म्हणून हात आवरला. बोर्डावरचा रॅमचा दिवा लागलेला होता, मुलगी शेजारी बसून मोठ्याने आकडे मोजत होती. २१४ ला स्क्रीन आली. कृपा करून त्या वेळात बटण दाबून बंद करू नका. आणि नंतर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन एक्स्पो चालू करा, त्यानेच रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालते. माझ्या ६००० च्या काड्या तोवर ४८०० नेच चालत होत्या.

दुसऱ्या दिवशी तेच ब्रॅकेटचं मॉडेल उघडलं, तीच जाडी बदलली. २१ सेकंद. टास्क मॅनेजरमध्ये आता आकडा दहाच्याही खाली होता, कारण बारातला एक थ्रेड. सोबत आलेला कुलर छोटा आहे, जानेवारीच्या थंडीत गार वाटतो. मे महिन्यात दुपारी तो आवाज करायला लागला, तर ४५ वॅटचा इको मोड लावून बघणार आहे. एका कोअरच्या कामाला त्याने फारसा फरक पडू नये.

रात्री भाऊ आला खेळायला. तिसऱ्या राउंडला कोणीतरी धूर सोडला आणि मी सवयीने थांबलो, आता अडखळेल म्हणून. अडखळलं नाही. भाऊ कानात म्हणाला, "थांबलास का? जा ना पुढे." मग राउंड संपल्यावर त्याने विचारलं, त्या डीडीआर४ च्या काड्यांचं काय करू. म्हटलं, तुझ्याच मशीनला लाव, तुझ्याकडे दोन खाचा रिकाम्या आहेत.