दापोली ते वाई: मातीच्या पिशव्या घेऊन एक दिवस

भल्या पहाटे दापोली सोडली. गाडीत खुरपं, पिशव्या आणि सामू (pH; जितका कमी तितकी माती आंबट) मोजायच्या पट्ट्या. खेड, पोलादपूर, आंबेनळी घाटाने महाबळेश्वर आणि संध्याकाळी वाई, असा बेत. उंचीबरोबर आंबट माती कशी बदलते ते बघायचं होतं. पहिल्याच थांब्यावर कळलं, नुसत्या उंचीकडे बघून भागणार नाही.

एकाच वरकस, म्हणजे हलक्या डोंगरी जमिनीच्या उतारावर काजूखालची माती आंबट निघाली, नाचणीसाठी भाजलेल्या, म्हणजे भाजावळीच्या तुकड्याची बरीच सौम्य. कवळ (झाडाच्या तोडलेल्या फांद्या), शेण, पालापाचोळा जाळला की राखेतला चुना आणि पालाश (पोटॅशियम) आंबटपणा मोडतो. पावसाने हा चुना-पालाश धुऊन जातो, म्हणून तरव्यापुरता (रोपं वाढवण्यापुरता) तुकडा दरवर्षी भाजायचा. आजोबांना सामू हा शब्द ठाऊक नव्हता, भाजावळ चुकली नाही.

महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर, पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात. एवढ्या पाण्याने चुना वाहून जातो, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतं. सामू साडेपाचाखाली गेला की ॲल्युमिनियम विरघळून मुळांची वाढ खुंटवतं, स्फुरदही (फॉस्फरस) जखडून पडतं. पण मालकाला विचारून झाडांच्या राईच्या कडेला खणलं, तर माती काळपट, भुसभुशीत. थंडीत पाला सावकाश कुजतो, त्यातला कुजवा (ह्यूमस) ॲल्युमिनियम धरून ठेवतो. रंगावर जाऊ नका, हीसुद्धा आंबटच. तीच माती उघडी पडून वर्षानुवर्षं नांगरली, त्यात युरिया-अमोनियम सल्फेटचा मारा झाला, की कुजवा सरतो आणि आंबटपणा वाढतो. स्ट्रॉबेरीला थोडी आंबट माती चालते, पण शेणखताला हात आखडून नाही.

तिथेच माझी फजिती झाली. नळाच्या पाण्यात माती कालवली आणि सगळ्या पट्ट्या जवळपास एकाच रंगाच्या. पेट्रोल पंपावर बॅटरीत भरायचं डिस्टिल्ड पाणी मिळतं (ॲसिड नव्हे), तेच वापरा. वरचा पाला बाजूला सारून वीतभर खोलीपर्यंतची माती घ्या. बांध, खताचा ढीग, झाडाचा बुंधा टाळा. पिशवीवर जागा आणि पीक तिथल्या तिथे लिहा. चुना किती टाकायचा हे पट्टी सांगत नाही. त्यासाठी अर्धा किलो माती सावलीत वाळवून प्रयोगशाळेत द्या. राखीव जंगलात परवानगीशिवाय खणू नका. पावसाळ्यात आंबेनळीत दरडी कोसळतात, दिवाळीनंतर जा.

पसरणी घाट उतरून वाईजवळ थांबलो तेव्हा उजेड सरत आला होता. काळ्या रानात चुनखडीचे पांढरे खडे. डब्यातलं उरलेलं लिंबू एकावर पिळलं, बारीक फेस आला.