प्रोटॉन लगेच बाहेर का पडत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

‘ड्रिप लाइनपलीकडे (अणुगर्भात आणखी प्रोटॉन धरून ठेवता येत नाही त्या मर्यादेपलीकडे) प्रोटॉन बांधलेलाच नसतो म्हणता, मग तो तत्क्षणी निघून का जात नाही?’ हा प्रश्न इतक्यांदा आलाय की ‘कूलॉमची भिंत असते’, म्हणजे विद्युत प्रतिकर्षणाचा अडथळा वाटेत असतो, हे उत्तर मी झोपेतही देईन. खोटं नाही ते. पण त्याने समोरचा फक्त गप्प बसतो.

असाच प्रोटॉन सोडणारा एक अणुगर्भ, थुलियम-१४७ घ्या. त्याच्या मूळ अवस्थेतून १.०५ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचा प्रोटॉन सुटतो, आयसोमरमधून (त्याच गर्भाच्या काही काळ टिकणाऱ्या उत्तेजित अवस्थेतून) त्याहून साठ-सत्तर केईव्ही (केईव्ही म्हणजे एमईव्हीचा हजारावा भाग) जास्तीचा. अर्धायुष्यं मात्र अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त आणि ३६० मायक्रोसेकंद. त्यांचा थेट भागाकार करून मीही फसलोय. मूळ अवस्थेचा बहुतांश क्षय बीटाच्या, म्हणजे आतल्या प्रोटॉनचा न्यूट्रॉन होण्याच्या, वाटेने होतो, प्रोटॉनच्या वाट्याला येतात जेमतेम १५ टक्के. नुसत्या प्रोटॉनच्या वाटेचा काळ काढला तर तो ४ सेकंदांच्या जवळ जातो, म्हणजे फरक दहा हजार पटींचा. ऊर्जेतल्या वाढीने त्यातला दहापटीच्या आतलाच भाग सुटतो. प्रभार तोच, कूलॉम भिंत तीच. मग उरलेलं?

कोनीय संवेग. तो l या पूर्णांकाने मोजतात: मूळ अवस्थेत l पाच, आयसोमरमध्ये दोन. केंद्रापासून ७ फेम्टोमीटरवर (अणुगर्भाच्या मापाचं एकक) कूलॉम भिंत साधारण १४ एमईव्ही उंच असते. l पाच असला की तिच्यावर आणखी बारा-तेरा एमईव्ही चढतात, दोन असला तर जेमतेम अडीच. हा वाढीव भाग बाहेर झपाट्याने उतरतो, आणि प्रोटॉनला तर ९० फेम्टोमीटरपर्यंत बोगदा काढायचा असतो, म्हणजे ऊर्जा कमी असूनही क्वांटम नियमांनी भिंतीतून पार जायचं असतं. तरी आतल्या थोड्या अंतरातली ही भर हजारपट उशीर करायला पुरते.

‘इतकं छोटं काही मोजता तरी येतं का?’ येतं, पण नखरे फार. अणुगर्भ सुमारे ६५ मायक्रॉन जाडीच्या पट्टेदार सिलिकॉन शोधकात रुतवायचा आणि आडव्या-उभ्या पट्ट्या छेदतात तिथल्या त्याच चौकटीत पुढचा सिग्नल येण्याची वाट पाहायची. १.२ एमईव्हीचा प्रोटॉन वीसेक मायक्रॉनमध्ये थांबतो, बीटा कण मात्र थोडी ऊर्जा टाकून पार निघून जातात. म्हणून पातळ सिलिकॉन. ४० बाय ४० पट्ट्यांवर सेकंदाला हजार गर्भ आले तर एका चौकटीत सरासरी १.६ सेकंदांनी एक येतो. पण झोत मध्यावर दाटतो, आणि तिथे अर्ध्या सेकंदाचं अर्धायुष्य शोधलंत तर कोणाचा प्रोटॉन कोणाचा, कळत नाही.

उलट टोकाला ल्युटेशियम-१४९, अर्धायुष्य ४५० नॅनोसेकंद. तिथे क्षयाचा सिग्नल रुतण्याच्या मोठ्या सिग्नलच्या शेपटीवरच बसतो, म्हणून पूर्ण तरंगरूप नोंदवावं लागतं. आणि तो बनवायची जोडी जुनीच: रुथेनियम-९६ वर निकेल-५८ चा मारा. जर्मनीत डार्मस्टाटला १९८१ च्या सुमारास ल्युटेशियम-१५१ मिळालं ते याच जोडीतून.

हे सगळं गर्भ गोल असल्याच्या भरवशावर. होल्मियम-१४१ लांबट आहे, तिथे एकाच अवस्थेत अनेक l मिसळलेले असतात. ‘पाच की दोन?’ असं तिथे विचारू नका, माझ्याकडे एक आकडा नाही.