तुम्ही विचारलंत म्हणून: हंसकन्येची गोष्ट मी का सांगत नाही

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. कार्यक्रम संपलेला असतो, मुलं चपला शोधत असतात आणि एखादी आई किंवा एखादे बाबा पुढे येऊन म्हणतात, "मॅडम, तुम्ही मांजरीची गोष्ट सांगता, बेडकीची सांगता, मग हंसकन्येची का नाही? तीच तर सगळ्यात सुंदर." जर्मन शिकवणारे माझे सहकारी हाच प्रश्न जरा टोचून विचारतात. म्हणतात, तू कात्री लावतेस. इतकी वर्षं मी "वेळ पुरत नाही" असं सांगून वेळ मारून नेली. ते खरं नव्हतं. आता एकदा नीट लिहूनच टाकते.

शापानं किंवा जादूनं प्राणी झालेल्या नवऱ्यामुलींच्या गोष्टींवर माझा राग आहे, असं काहींनी परस्पर ठरवून टाकलंय. राग असता तर गिरणीतल्या पोऱ्याची आणि कबऱ्या मांजरीची गोष्ट मी सव्वीस वर्षं सांगत राहिले असते का? ती गोष्ट मला तोंडपाठ आहे आणि अजूनही सांगताना अंगावर काटा येतो. म्हातारा गिरणीवाला तीन पोऱ्यांना सांगतो, जो सगळ्यात चांगला घोडा आणेल त्याला गिरणी. धाकट्या हान्सला सगळे खुळा समजतात. बाकीचे दोघं त्याला गुहेत झोपलेला सोडून निघून जातात. रानात त्याला एक छोटी कबरी मांजर भेटते आणि म्हणते, सात वर्षं माझी चाकरी कर, घोडा देते. तिच्या मंतरलेल्या वाड्यात सगळ्या मांजरीच. रात्री जेवताना तीन मांजरी वाजवायला बसतात, तिसरी गाल फुगवून तुतारी फुंकते. जेवण झाल्यावर मांजर म्हणते, "चल हान्स, माझ्याबरोबर नाच." तो म्हणतो, "नाही. मांजरीबरोबर मी नाचत नाही. कधी नाचलेलो नाही."

इथे मुलं माझ्याबरोबर ओरडतात: "मांजरीबरोबर मी नाचत नाही!" मलाही ती जागा फार आवडते. कारण मांजर रागावत नाही. ती नोकर मांजरींना सांगते, मग याला झोपायला न्या. एक दिवा दाखवते, एक बूट काढते, एक मोजे काढते, शेवटची दिवा विझवते. सकाळी एक त्याचं तोंड धुते आणि दुसरी शेपटीनं पुसते. मग सात वर्षं तो चांदीच्या कुऱ्हाडीनं लाकडं फोडतो, चांदीच्या विळ्यानं गवत कापतो, तिच्यासाठी एक लहानसं घर बांधतो. सात वर्षांनी घरी परततो तो त्याच जुन्या, आखूड झालेल्या सदऱ्यात. लक्तरं बघून गिरणीवाला त्याला बदकांच्या खुराड्यात झोपवतो. तिसऱ्या दिवशी सहा घोड्यांची गाडी येते, त्यातून राजकन्या उतरते आणि तीच ती मांजर असते.

मांजरीची बाई कधी झाली? गोष्टीत ते नाहीच. कुणी मुका घेत नाही, कातडं ओढत नाही, जाळत नाही. हान्स नाही म्हणू शकतो, तीही आपल्या वेळेनं येते. त्यानं काम केलं, तिनं शब्द पाळला. एवढ्यावर लग्न होतं आणि मला ते पुरतं.

ही गोष्ट जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंना सांगितली डोरोथेआ फीमान या बाईनं. जर्मनीतल्या कासेल शहराजवळच्या खेड्यातली शिंप्याची बायको, बागेतला भाजीपाला विकायला शहरात यायची. १८१५ मध्ये ती वारली, तोवर तिनं त्यांना कितीतरी गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. ग्रिम बंधूंनी प्रस्तावनेत तिच्याबद्दल आवर्जून लिहिलंय की ती कितीदाही सांगितली तरी गोष्ट बदलत नसे आणि बोलता बोलता चूक झाली तर स्वतःच थांबून दुरुस्त करी. हे लक्षात असू द्या, मला त्याकडे परत यायचंय.

हंसकन्येचं सगळंच वेगळं. तळ्यावर बायका हंसरूपात उतरतात, पिसं किंवा वस्त्रं काठावर ठेवून आंघोळीला जातात. एक पुरुष लपून बघतो, एकीचं वस्त्र पळवतो. तिला उडता येत नाही म्हणून ती त्याच्याबरोबर जाते. पुढे कधीतरी तिला ते वस्त्र सापडतं. म्युझेउस नावाच्या, जर्मनीतल्या वायमार गावच्या शिक्षकानं अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन लोककथा आपल्या ढंगात लिहिल्या, त्यात 'चोरलेली ओढणी' ही गोष्ट आहे. त्स्विकाऊ या जर्मन गावाजवळचं तळं, फ्रीडबेर्ट नावाचा दक्षिण जर्मनीतल्या स्वाबियाचा सैनिक आणि नाक्सोस या ग्रीक बेटावरून हंस होऊन येणारी कालिस्टे. तो तिची ओढणी पळवतो, तिला फसवून आपल्या गावी आणतो. लग्न तोंडावर आलेलं असताना काहीच माहीत नसलेली त्याची आई ती ओढणी काढून होणाऱ्या सुनेच्या हातात देते. आणि हंसीण उडून जाते. म्युझेउस मात्र तिथे थांबत नाही. फ्रीडबेर्ट थेट नाक्सोसला जातो आणि शेवटी दोघांचं जमतं.

१९९८ साली मी एका चर्चासत्रात निबंध वाचला होता. त्यात मी ठणकावून म्हटलं होतं की मांजर, बेडकी, सापीण, कावळी, हंसी, सगळ्या एकाच गोष्टीच्या बहिणी आहेत: बाई म्हणजे रान, पुरुष म्हणजे घर, आणि लग्न म्हणजे रानाचं घर होणं. टाळ्या पडल्या. आज तो निबंध वाचवत नाही. मांजरीचं कातडं तिच्यावर कुणीतरी लादलंय, ते गेलं की ती सुटते. हंसीची पिसं तिची स्वतःची आहेत, ती गेली की ती अडकते. एवढा साधा फरक तेव्हा दिसला नाही याची मला खरंच लाज वाटते.

पण त्या निबंधवालीनं आज मला उलट विचारलं तर माझ्याकडेही धड उत्तर नाही. 'तीन पिसं' या गोष्टीत भोळा राजपुत्र जमिनीखालच्या जाडजूड बेडकीकडे सुंदर बायको मागतो. ती त्याला पोखरलेला पिवळा सलगम देते, त्याला सहा उंदीर जुंपलेले. म्हणते, माझ्या पिल्लांपैकी एक यात ठेव. तो भोवतालच्या घोळक्यातून हाताला येईल ती उचलतो. ती गाडीत बसते आणि सुंदर मुलगी होते. त्या पिल्लाला कुणी विचारलं? कुणीही नाही. तरी मी ती गोष्ट सांगते, कारण मुलांना उंदरांची गाडी आवडते, आणि मलाही. म्हणजे मी काही तत्त्वाला धरून चालते असं नाही.

मध्येच कुणीतरी म्हणतं, "ही तर आपली उर्वशीच की." खरं आहे. शतपथ ब्राह्मणात पुरूरवा तिला शोधत कमळांच्या तळ्याशी येतो तेव्हा अप्सरा पाणपक्षी होऊन पोहत असतात. एकोणिसाव्या शतकात जर्मन पंडितांनी हे दुवे फार हौसेनं जोडले. पण उर्वशीचं वस्त्र कुणी चोरलेलं नव्हतं, ती स्वतः अटी घालून राहिली आणि अट मोडल्यावर गेली. त्यामुळे "आपलीच" म्हणून माझा प्रश्न सुटत नाही.

आता ते सांगते, जे टाळत आले.

२०१२ साली ग्रिम बंधूंच्या गोष्टींच्या पहिल्या खंडाला २०० वर्षं झाली म्हणून आम्ही पेठेतल्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये चार शनिवार गोष्टी ठेवल्या होत्या. म्युझेउस ग्रिमांच्या आधीचा, तरी दुसऱ्या शनिवारी मी हंसकन्या घेतली. ऑगस्ट होता. बाहेर धो धो पाऊस, सतरंजीला ओल आलेली, कोपऱ्यात छत्र्यांचं पाणी साचलेलं. चाळीसेक मुलं होती. मी रंगात आले होते. नाक्सोस वगैरे मी कापून टाकलं होतं. मला गोष्ट खिडकीपाशी संपवायची होती, हंसीण उडाली की संपलं. आणि सासूनं ओढणी देणं मला तितकं धारदार वाटत नव्हतं. इतर देशांतल्या कितीतरी रूपांत लेकरंच आईला सांगतात की बाबांनी ते कुठे ठेवलंय. ते मी उचललं. माझ्या गोष्टीत एक छोटी मुलगी होती. ती म्हणाली, "आई, बाबा माळ्यावरच्या पेटीत काहीतरी पांढरं ठेवतात आणि रोज बघतात." तिनंच स्टूल धरलं. तिनंच पेटीची कडी काढली.

पुढच्या रांगेत दोन वेण्या घातलेली, आठ-नऊ वर्षांची एक मुलगी बसायची, आजीबरोबर यायची. मी "आणि ती उडून गेली" म्हणून हात पसरले, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांत तिनं विचारलं, "तिनं मुलीला का नाही नेलं?"

मी तयारच होते. म्हटलं, "हंसांना हात कुठे असतात, बाळा?" मुलं हसली. ती हसली नाही. सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "मग त्या मुलीनं सांगायलाच नको होतं."

मी काहीतरी बोलले. बहुतेक "पुढच्या शनिवारी बघू" असं. नक्की आठवत नाही.

खाली जिन्याशी आजी चपला घालत होत्या. नात पावसात हात धरून उभी होती. आजी हळू आवाजात म्हणाल्या, "हिची आई दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेली. जाताना कोपऱ्यावरून रिक्षा हिलाच आणायला लावली होती." मी उभी राहिले तशीच. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "तुम्हाला कसं माहीत असणार," असंही म्हणाल्या. मग त्यांनी नातीच्या डोक्यावर रेनकोटाची टोपी चढवली, गळ्याखालचं बटण लावलं, आणि दोघी गेल्या. उरलेल्या दोन्ही शनिवारी त्या आल्या नाहीत.

"पण यात तुमची काय चूक?" हे तुम्ही म्हणणार, मला माहीत आहे. कुठल्या मुलाच्या घरी काय आहे ते सांगणाऱ्याला कळत नाही, सगळं जपून सांगायचं तर आईबापांनी रानात सोडून दिलेल्या हेन्सेल आणि ग्रेटेलची गोष्टही बंद करावी लागेल. मी स्वतः हे दुसऱ्यांना सांगितलंय. आणि ते खरंही आहे. गोष्टीतलं दुःख मुलांपासून लपवावं असं मला आजही वाटत नाही. पण म्युझेउसच्या गोष्टीत ती मुलगी नाही. ती मी घातली. फीमानबाई एक शब्द चुकला तरी थांबायची, आणि मी टाळ्यांसाठी एक अख्खं लेकरू गोष्टीत घालून त्याच्याच हातून पेटीची कडी काढवली.

का घातली? हे लिहायला मला जास्त वेळ लागतोय. त्या साली मला नवऱ्याचं घर सोडून तीन वर्षं झाली होती. आम्हाला मूल नव्हतं. घर सोडलं ते बरोबर होतं, आजही तेच म्हणेन, पण तेव्हा मला ते सगळ्यांकडून ऐकायचं होतं, भर हॉलमध्ये, टाळ्यांसकट. उडून जाणं सुंदर दिसावं म्हणून मला मागे काहीतरी सोडलेलं हवं होतं. माझ्याकडे सोडण्यासारखं कुणी नव्हतं, म्हणून मी गोष्टीत एक मूल आणलं. आणि ज्या मुलीनं ते खरंच सोसलं होतं ती पुढच्या रांगेत बसली होती.

कधी उलटही वाटतं. दोन वर्षं तिच्याशी घरात त्या रिक्षाबद्दल कुणी बोललं नसेल. त्या दिवशी ती निदान बोलली, मोठ्यानं, चाळीस जणांत. कदाचित तिला तीच गोष्ट हवी होती आणि मी हातांचा विनोद करून ती तोडली. मग मी गोष्ट बंद केली ते तिच्यासाठी की स्वतःला वाचवायला? एका रात्री मला एक वाटतं, दुसऱ्या रात्री दुसरं.

सध्या मी ग्रिमांचा 'ढोलवाला' सांगते. तळ्याकाठी त्याला पांढऱ्या कापडाचे तीन तुकडे दिसतात, त्यातला एक तो सहज खिशात घालतो. रात्री डोळा लागणार इतक्यात अंधारातून हाक येते, "ढोलवाल्या, माझा सदरा परत दे." तो विचारतो, तू कोण? ती सांगते: काचेच्या डोंगरावर चेटकिणीनं कोंडलेली राजकन्या, सदऱ्याशिवाय उडता येत नाही. आणि तो खिशातून काढून देऊन टाकतो. मग विचारतो, तुला सोडवायला मी काय करू? मुलांना पुढचा काचेचा डोंगर जास्त आवडतो. मी त्या परत देण्यापाशी जरा जास्त रेंगाळते, मोठ्यांपैकी कुणाच्या लक्षात आलं असेल तर तेच कारण.

तर ज्यांना हंसकन्या हवीच आहे त्यांच्यासाठी: एखाद्या संध्याकाळी फक्त मोठ्यांनी या. मी म्युझेउस वाचून दाखवीन, छापलाय तसा, सासूसकट, नाक्सोसपर्यंत. मध्ये माझं काही घालणार नाही. मुलांसमोर मात्र अजून नाही, आणि कृपा करून हे मला चपलांच्या स्टँडपाशी, मुलांच्या देखत विचारू नका.