कॅसेटवर ‘अनरिलीज्ड’ लिहिलंय, पण आहे का?

इंदूरच्या मराठी घरांतल्या माळ्यांवर ऐंशीच्या दशकातल्या इंग्रजी पॉपच्या कॅसेटी अजून निघतात. रामबाग असो की राजेंद्रनगर, डबा उघडला की तीच मिसळ: आखातातून कुणी आणलेल्या, रेडिओवरून टेप केलेल्या, दुकानात यादी देऊन भरून घेतलेल्या. त्यात रिक अ‍ॅस्टली किंवा कायली मिनोगचं एखादं गाणं नेहमीपेक्षा वेगळं वाजलं की प्रश्न ठरलेला: हे कधी बाहेरच न आलेलं रेकॉर्डिंग आहे का? या दोघांची गाणी घडवणाऱ्या स्टॉक–एटकिन–वॉटरमन या ब्रिटिश निर्मात्यांबद्दल हा प्रश्न फार येतो, आणि बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असतं. त्याचं कारण त्यांच्या कामाच्या पद्धतीत आहे.

माइक स्टॉक, मॅट एटकिन आणि पीट वॉटरमन १९८४मध्ये एकत्र आले. लंडनच्या बरो भागात त्यांचा स्टुडिओ होता. गाणी लिहिणं आणि वाजवणं मुख्यतः स्टॉक आणि एटकिन करत; कुणाला घ्यायचं, काय चालेल, बाजार काय मागतोय हे वॉटरमन पाहत. मिक्सिंगला मात्र फिल हार्डिंग, पीट हॅमंड यांच्यासारखी वेगळी माणसं होती. एकाच मल्टिट्रॅकवरून, म्हणजे प्रत्येक आवाज आणि वाद्य वेगवेगळं भरलेल्या मूळ टेपवरून, सात इंची रेकॉर्डचं मिक्स निघे, बारा इंचीचं लांब मिक्स निघे, पुन्हा इन्स्ट्रुमेंटल, डब (गायकाचा आवाज बाजूला सारून ताल पुढे आणलेलं मिक्स), क्लबसाठी दुसरं बारा इंची. म्हणजे एकच गाणं चार-पाच रूपांत रीतसर विकलं गेलेलं असतं. सुरुवातीला सोळा मात्रा नुसते ड्रम आहेत किंवा मधला तुकडा दुप्पट आहे, एवढ्यावरून ते अप्रकाशित ठरत नाही. पांढऱ्या लेबलची रेकॉर्डसुद्धा पुरावा नव्हे. १९८७मध्ये या तिघांनी स्वतःच्या नावावर काढलेलं ‘रोडब्लॉक’ आधी क्लबच्या डीजेंकडे नाव न छापता पांढऱ्या लेबलवर गेलं होतं, आणि ऐकणाऱ्यांना ते सत्तरच्या दशकातलं जुनं काही वाटलं. लेबल कोरं होतं ते प्रचारासाठी.

खरोखर अप्रकाशित म्हणावं असं थोडंच असतं. गायकाला चाल समजावी म्हणून दुसऱ्याच कुणाच्या आवाजात केलेला डेमो. पूर्ण होऊनही बाजूला ठेवलेलं गाणं. आणि रफ मिक्स, म्हणजे दिवसाचं काम संपल्यावर घरी ऐकायला कॅसेटवर उतरवून दिलेलं कच्चं मिक्स. पूर्ण होऊन बाजूला राहिलेल्या गाण्यांचं सर्वांत नवलाचं उदाहरण म्हणजे जूडास प्रीस्ट हा हेवी मेटल बँड. १९८८मध्ये त्यांनी पॅरिसला या तिघांबरोबर तीन गाणी केली आणि ती अल्बममध्ये घेतलीच नाहीत. आमच्या मते सर्वांत मोलाचा प्रकार मात्र रफ मिक्स. त्यात गाणं घडताना दिसतं: नंतर काढून टाकलेला कीबोर्ड, अजून न दुपटलेला आवाज, चुकून उघडा राहिलेला ट्रॅक.

पहिली तपासणी वेगाची. या तिघांची गाणी ड्रम मशीन आणि सीक्वेन्सरवर (ठरलेल्या वेळी वाद्यं वाजवणाऱ्या यंत्रावर) उभी आहेत, त्यामुळे लय सुरुवातीपासून शेवटपर्यंत घड्याळासारखी स्थिर असते. ‘नेव्हर गॉना गिव्ह यू अप’ची लय मिनिटाला ११३ मात्रांची आहे, म्हणजे ६४ मात्रांना ३३.९८ सेकंद लागायला हवेत. ऑडेसिटीसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये पहिल्या ठोक्यापासून पासष्टाव्या ठोक्यापर्यंत खूण करा आणि वेळ वाचा. ३४.६० आली तर रेकॉर्डिंग सुमारे १.८ टक्के हळू आहे. आता सूर बघा. डेक हळू असेल तर सूरही त्याच प्रमाणात उतरतो. दर एक टक्क्याला साधारण १७ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) धरा, म्हणजे इथे ३१ सेंट, जवळजवळ एक तृतीयांश अर्धस्वर. लय आणि सूर दोन्ही एकाच प्रमाणात सरकले असतील तर दोष यंत्राचा. लय वेगळी आणि सूर जागेवर असेल तर मात्र सरसावून बसा: ते दुसऱ्या लयीत केलेलं, कदाचित आधीचं, रेकॉर्डिंग असू शकतं. स्वर पूर्ण एक-दोन पट्ट्यांनी वेगळा आणि लय तीच, हेही तसंच बोलकं आहे. गायकासाठी पट्टी बदलल्याची ती खूण असू शकते.

गाणं संगणकावर फाइल म्हणून आलं असेल तर एक ठरलेली चूक आधी तपासा. डॅट या डिजिटल टेपवरून ४८ किलोहर्ट्‌झला घेतलेली फाइल चुकून ४४.१ला वाजली की चार मिनिटांचं गाणं ४ मिनिटं २१ सेकंदांचं होतं, ११३ची लय १०४च्या खाली येते आणि सूर जवळपास दीड अर्धस्वर उतरतो. ‘खालच्या पट्टीतला डेमो’ म्हणून फिरणाऱ्या फाइलवर हे गणित आधी करून पाहा. रेकॉर्डच्या बाबतीतही तेच. कायलीची ४५ फेऱ्यांची रेकॉर्ड ३३ १/३ वर लावली तर सूर पाच अर्धस्वरांहून थोडा जास्त उतरतो आणि आवाज थेट पुरुषी वाटतो. ‘तिच्या गाण्यात खरं तर रिक अ‍ॅस्टली गातोय का’ हा चाहत्यांचा जुना प्रश्न तिथूनच आला. कोणत्याही उंच आवाजाचं असंच होतं, कारण सूर उतरताना कंठाचा नैसर्गिक रंगही सोबत खाली ओढला जातो.

दुसरी तपासणी स्पेक्ट्रोग्रामची, म्हणजे कोणत्या वेळी कोणते स्वर किती जोरात आहेत हे, खालचे खाली आणि तीव्र वर, दाखवणाऱ्या चित्राची. कॅसेटवरून खरंच नव्याने घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये तीव्र स्वर हळूहळू विरतात आणि वरपर्यंत टेपची हिस् पसरलेली असते. १६ किलोहर्ट्‌झला सुरीने कापल्यासारखी सपाट रेघ दिसली तर ती कधी तरी १२८ केबीपीएसच्या एमपी३मधून गेलेली आहे, मग ती फ्लॅक, म्हणजे दर्जा न घटवणारी फाइल, म्हणून आली असली तरी. १५ किलोहर्ट्‌झला भिंत आणि वर १९ला बारीक रेघ म्हणजे एफएमवरून टेप केलेलं गाणं. पाच किलोहर्ट्‌झच्या वर काहीच नाही म्हणजे बहुधा शॉर्टवेव्ह किंवा मीडियम वेव्ह. रेडिओवर गाणी कापून, निवेदकाच्या आवाजाखाली दाबून वाजत, म्हणून त्या लांबीवरून कोणताही निष्कर्ष काढू नका. आणखी एक खूण आम्हाला फार आवडते: १५.६ किलोहर्ट्‌झवरची केसाएवढी रेघ. ती जुन्या काचेच्या टीव्हीची शीळ. पाल पद्धतीच्या (आपल्याकडच्या आणि ब्रिटनच्या) टीव्हीत ती १५,६२५ हर्ट्‌झला असते, अमेरिकी पद्धतीत १५,७३४ला. विजेच्या गुणगुणीचंही तसंच: ५० हर्ट्‌झ असेल तर आपल्याकडची किंवा ब्रिटन-युरोपची, ६० असेल तर अमेरिकेची किंवा तशीच वीज असलेल्या दुसऱ्या देशाची. ‘लंडनच्या स्टुडिओतून थेट’ असा दावा आणि खाली ६०ची गुण-गुण, हे जुळत नाही. निदान एक नक्कल तरी ६० हर्ट्‌झच्या विजेवर झाली आहे.

‘गायिकेच्या आधी दुसऱ्याच कुणाचा पुसट आवाज ऐकू येतो, तो गाइड व्होकल आहे का?’ हा प्रश्न नीट उत्तर देण्याजोगा आहे. (गाइड व्होकल म्हणजे गायिकेला चाल कळावी म्हणून आधी भरलेला दुसऱ्याचा आवाज.) कॅसेटमध्ये टेपचे वेढे एकमेकांवर दाबून वर्षानुवर्षं राहिले की एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्यावर उमटतं. त्यामुळे खरा आवाज येण्याआधी त्याचीच सावली ऐकू येते. एक वेढा साधारण ७ ते १६ सेंटिमीटरचा आणि टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावते, म्हणजे ही सावली अंदाजे दीड ते सव्वातीन सेकंद आधी येणार. शब्द तेच आणि अंतर एवढंच असेल तर तो गाइड व्होकल नव्हे. सी-९०ची टेप सी-६०हून पातळ, म्हणून तिच्यात हे जास्त. पुसट आवाज अगम्य भाषेसारखा वाटत असेल तर तो तुकडा उलटा वाजवा. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचं गाणं झिरपलेलं असेल तर तिथेच उलगडतं.

हे सगळं करायचं तर टेप आधी नीट उतरवली पाहिजे, आणि नुकसान होतं ते याच टप्प्यावर. इंदूरचा मे कोरडा आणि भाजणारा, जुलै ओला. उन्हाळ्यात टेपला हेडवर दाबणाऱ्या प्रेशर पॅडचा डिंक सुकतो आणि नमद्याचा तो छोटा तुकडा गळून पडतो. मग आवाज दबका येतो, एक बाजू येते-जाते. पावसाळ्यात पांढरी बुरशी चढते. कॅसेट खिडकीसमोर धरून बघा. वेढ्यांच्या कडेवर पांढरे ठिपके असतील तर ती डेकमध्ये घालूच नका, हेडवरून ती बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागेल. हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर दोन-तीन दिवस ठेवा, मग तोंडाला मास्क लावून, मऊ कोरड्या कापडातून टेप हाताने हळू गुंडाळा. त्यासाठी षटकोनी पेन्सिल पुरते. पॅड गेलेला असेल किंवा टेप किंचाळत असेल तर आतला ऐवज पाच स्क्रूच्या नव्या कवचात हलवा. जुनं कवच चिकटवून बंद केलेलं असेल तर सांध्यावर ब्लेड फिरवून उघडावं लागतं. दोन्ही बाजूंचे गुळगुळीत कागद आणि कोपऱ्यांतले रोलर विसरले तर टेप पहिल्याच मिनिटाला अडकते. टेप भट्टीत तापवण्याचा उपाय वाचून कॅसेटवर करू नका. तो ठरावीक रिळांसाठी आहे, ज्यांचा लेप ओल शोषून चिकट होतो.

डेकचं हेड आणि कॅपस्टन (टेप ओढणारा धातूचा दांडा) ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, रबरी रोलर मात्र साबणाच्या पाण्याच्या बोळ्याने. मग अझिमथ, म्हणजे हेडचा कोन. घरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटी वाकड्या कोनात भरलेल्या असतात, आणि सरळ डेकवर त्या दबक्या वाजतात. डावा-उजवा मिळून मोनो करा आणि हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू अगदी थोडा, अष्टमांश फेरीच्या आत, फिरवा. झांजा सर्वांत लख्ख वाजतील ती जागा बरोबर. मूळ जागी आधी नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवा. डॉल्बीची, म्हणजे हिस् कमी करणाऱ्या सोयीची, खात्री नसेल तर दोनदा उतरवा, एकदा बंद ठेवून, एकदा चालू करून. अझिमथ बिघडलेला असताना डॉल्बी चालू केली की वरचे स्वर गिळले जातात, आणि ते नुकसान नंतर भरून निघत नाही. २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झ, सर्वांत मोठा आवाज उणे ६ ते उणे १० डेसिबलपर्यंत. ९० मिनिटांची कॅसेट सुमारे ३.१ जीबी होते. जागा कमी असेल तर ४८ला निम्मी. हिस् घालवणारा फिल्टर मूळ फाइलवर लावू नका. वर सांगितलेल्या साऱ्या खुणा त्या हिस्‌मध्ये आणि गुणगुणीतच असतात.

‘मग खरी अप्रकाशित गाणी कंपन्या काढत का नाहीत?’ निर्माते एक असले तरी मालक, म्हणजे रेकॉर्ड कंपन्या, अनेक होते. अ‍ॅस्टली आरसीएकडे, बनानारामा लंडन रेकॉर्ड्‌सकडे, डेड ऑर अलाइव्ह एपिककडे, मेल अँड किम सुप्रीमकडे. कायली आणि जेसन डोनोवन मात्र वॉटरमनच्या पीडब्ल्यूएलवर, आणि कायली ऑस्ट्रेलियात मशरूमवर. म्हणून एकाच स्टुडिओतल्या गाण्यांचा एक संच काढायचा तर इतक्या दारांवर जावं लागतं. त्यात गायकाची इच्छा आली. मेल अँड किममधली मेल अ‍ॅपलबी जानेवारी १९९०मध्ये गेली. तिच्या आवाजातली अर्धवट टेप कुठे मिळालीच तर ती लोकांपुढे यावी की नाही हे ठरवण्याचा हक्क चाहत्यांचा नाही, असं आम्ही ठामपणे म्हणतो.

कॅसेट तुमच्या हातात असणं आणि रेकॉर्डिंगचे हक्क तुमचे असणं या दोन वेगळ्या गोष्टी. आपल्या १९५७च्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो, ब्रिटनमध्ये प्रसिद्ध ध्वनिमुद्रणाचा ७०. गीत आणि चाल यांचे हक्क याहून निराळे, ते लिहिणाऱ्याच्या आयुष्यानंतरही चालतात. म्हणून पूर्ण गाणं कुठेही चढवू नका.

रेकॉर्डची ओढ या शहराला नवी नाही. लता मंगेशकर यांचा जन्म इथला, १९२९चा, आणि शहराजवळच्या पिगडंबरला त्यांच्या नावाचं ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय आहे. पण लाखेच्या तबकडीवर मॅट्रिक्स नंबर कोरलेला असतो, त्यावरून ती कोणती हे ठरतं. घरी भरलेल्या कॅसेटला असा नंबर नसतो, तो आपणच टिपणातून द्यायचा. प्रत्येक गाण्यासाठी लिहा: कॅसेटचा ब्रँड आणि लांबी, बाजू, सुरुवातीची वेळ, सेकंदांसकट पूर्ण लांबी, मोजलेली लय, सूर किती सेंट सरकला, पहिला शब्द कितव्या सेकंदाला येतो, कोणता शब्द किंवा वाद्य नेहमीच्या मिक्सपेक्षा वेगळं आहे. कॅसेटच्या मागे काय लिहिलंय आणि गाण्याच्या आधी-नंतर काय आहे तेही, कारण शेजारच्या गाण्यांवरून कॅसेट भरल्याचं वर्ष बऱ्याचदा बांधता येतं. एवढं टिपण पाठवलंत की ज्यांच्याकडे त्या गाण्याची सगळी निघालेली मिक्सं आहेत ते ऑडिओ न ऐकताही बऱ्याचदा सांगू शकतात की हे बारा इंचीचं कापलेलं रूप आहे की आणखी काही.