चिठ्ठीवर ‘भात’, कुपीत गवतातला तुडतुडा

कुपीतल्या चिठ्ठीवर एकच शब्द: भात. अल्कोहोलमध्ये अकरा हिरवे तुडतुडे, तेही पिवळट पडलेले. अल्कोहोलमध्ये हिरवा रंग टिकत नाही, म्हणून रंग जागेवरच टिपायचा असतो.

मागच्या पायाच्या नळीवर काट्यांच्या रांगा होत्या. तपकिरी तुडतुड्यांना त्याऐवजी नळीच्या टोकाला एक हलता मोठा काटा असतो. मराठीत दोघेही तुडतुडेच, त्यामुळे हे आधी पाहिलेलं बरं. पंखांची टोकं काळी असलेले सात नर नेफोटेटिक्स वंशाचे निघाले. भातावरचा नेहमीचा म्हणजे नेफोटेटिक्स व्हायरेसेन्स. त्याचा माथा कोरा असतो. या सातही नरांच्या माथ्यावर मात्र पुढच्या कडेलगत काळी पट्टी होती. ही खूण त्याच वंशातल्या नायग्रोपिक्टस या जातीची.

पट्टी कधी पुसटही असते, म्हणून दोन नरांचं पोट वेगळं करून मऊ भाग विरघळवणाऱ्या १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये रात्रभर ठेवलं. घाईत उकळलं तर पातळ पडदे विरघळतात आणि भाग एकमेकांपासून सुटतात. सकाळी पाण्यात धुऊन, ग्लिसरिनच्या थेंबात सुईने एडीगस, म्हणजे नराचा जननअवयव, मोकळा केला. त्याचा आकार आणि काटे संदर्भ-नमुन्याशी जुळले: नायग्रोपिक्टस. चार माद्यांना मात्र फक्त वंशाचं नाव दिलं. नुसत्या रंगावरून मादीला जातीचं नाव देणं मला पटत नाही.

मग प्रश्न उरला चिठ्ठीचा: हे तुडतुडे खरंच भातावरचे का? त्याच खाचरात जाऊन आधी भातात आणि मग बांधावर, हातजाळीचे वीस-वीस झोले मारले. दोन्हींच्या कुप्या वेगळ्या. पट्टीवाले प्रौढ दोन्हीकडे होते. भातात तीन, बांधावर सव्वीस. पण प्रौढ उडून कुठेही बसतो, दिव्याच्या सापळ्यात तर गावभरचे येतात. त्यामुळे पंख न फुटलेली पिल्लं शोधली. ती बांधालगतच्या पाण्यातल्या लीर्सिया गवतावर सापडली. या गवताची पानं हाताला कापतात आणि पेरांवर केसांचं कडं असतं, त्यावरून ते ओळखू येतं.

पिल्लावरून जात सांगता येत नाही, म्हणून ती प्रौढ होईपर्यंत वाढवायची ठरवली. मुळांसकट उपटलेलं तेच गवत, मुळांना ओला कापूस, वर मलमल. शेवटच्या अवस्थेतली पाच पिल्लं त्यावर सोडली. पहिल्यांदा कापलेलं गवत ठेवलं होतं, ते दोन दिवसांत सुकलं आणि पिल्लंही गेली. दुसऱ्या खेपेला तीन नर निघाले, तिघांच्याही माथ्यावर पट्टी.

नवी चिठ्ठी: ‘नायग्रोपिक्टस, बांधावरील लीर्सिया, पिल्लांसह, शेजारी भात.’